संशय आणि सुराग

रहस्यकथेचा वाचक दोन-अडीचशे पाने एकच काम करीत असतो, ते म्हणजे संशय घेणे. नोकराने दार उशिरा का उघडले? धाकट्या भावाने ती पेटी का हलवली? विधवा बहीण रडली नाही ती का? घरातल्या प्रत्येक माणसाच्या मागे मनातल्या मनात कंदील घेऊन फिरायचे आणि या फिरण्याला करमणूक म्हणायचे. संशयाला आपल्या दीनमध्ये काय स्थान आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला इथे थोडे थबकावे लागते. सूरह अल-हुजुरातच्या बाराव्या आयतीत फार संशय घेण्यापासून दूर राहण्याचा हुकूम आहे. काही संशय तर गुनाह ठरतात असे तिथे बजावले आहे आणि लगेच पुढे दुसऱ्याच्या झाकल्या गोष्टी चोरून शोधायला मनाई केली आहे. या मनाईसाठी जो शब्द येतो तो 'तजस्सुस'च्या कुळातला, आणि आपला 'जासूस' हा शब्दही त्याच धातूतून निघालेला आहे. म्हणजे ज्या कामाची मनाई, त्याच कामावरून 'जासूसी नॉव्हेल'चे नाव पडले! गंमत अशी की उर्दूत आता तजस्सुस म्हणजे नुसती उत्सुकता असाही अर्थ रूढ झाला आहे, आणि कादंबरी 'तजस्सुसने भरपूर' असणे ही तिची तारीफ समजली जाते. मग ही पुस्तके वाचावीत की नाही? कोणाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. आम्हाला तो अलीकडे किरकोळ वाटेनासा झाला, आणि त्याला कारण एक जपानी लेखक आहे.

आम्ही म्हणजे मेहकर तालुक्यातल्या डोणगावचे चार-पाच शिक्षक, बहुतेक उर्दू माध्यमाचे. जासूसी वाचनाची आवड आम्हाला वारशात मिळाली. वडिलांच्या पिढीने इब्ने सफींच्या कादंबऱ्या रोजाच्या भाड्याने आणून वाचल्या आणि वाचताना शाळेच्या पुस्तकाआड लपवल्या. इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. जन्म 1928, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. मार्च 1952 मध्ये अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली. त्याआधी ते शाळेत शिकवत होते, ही गोष्ट आम्ही शिक्षक मंडळी जरा अभिमानाने सांगतो. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण त्यांचे कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद इकडेही तितकेच आपले राहिले. मराठी वाचणाऱ्या घरांत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर होते, त्यांचा झुंजार होता, काळा पहाड होता. या सर्वांनी आम्हाला वाचायला लावले; त्यांचे उपकार आम्ही विसरत नाही. पण एक गोष्ट आता मोठेपणी लक्षात येते. फरीदी चुकत नाही, घाबरत नाही, पैशाला कमी नाही आणि त्याच्या विरोधात उभा राहणारा बडा गुन्हेगार पुष्कळदा कुठून तरी बाहेरून, परमुलखातून येतो. तो पकडला किंवा पळाला की शहर पुन्हा निर्धास्त होते. घरच्या माणसांकडे पाहण्याची वेळ क्वचितच येते.

सेइशी योकोमिझो यांचा कोसुके किंदाइची याच्या अगदी उलट आहे. चुरगळलेला किमोनो, मळकी टोपी, केस कायम विस्कटलेले. डोक्यात काही चमकले की तो दोन्ही हातांनी डोके खाजवतो, कोंडा उडतो, आणि बोलताना जीभ अडखळते. पाहुणा म्हणून आला तर यजमान त्याला ओट्यावरच बसवतील असा माणूस. योकोमिझो 1902 मध्ये कोबे शहरात जन्मले आणि 1981 मध्ये वारले. महायुद्धाच्या काळात जपानी राज्यकर्त्यांना गुप्तहेरकथा हा पाश्चात्त्य थाट वाटत होता, त्यामुळे असे लेखन जवळजवळ बंद पडले होते. 1945 मध्ये योकोमिझो कुटुंबासह ओकायामा प्रांतातल्या एका खेड्यात राहायला गेले आणि युद्ध संपताच तिथल्याच वातावरणावर लिहू लागले. 1946 मध्ये 'होसेकी' मासिकातून 'होन्जिन' खुनाची कादंबरी क्रमशः आली. तिथून पुढे किंदाइचीच्या सत्तरहून अधिक कथा-कादंबऱ्या झाल्या. जपानात घराघरांत पोचलेला हा माणूस इंग्रजीत मात्र नीटसा आला तो 2019 पासून, लंडनच्या पुश्किन प्रेसने एकेक कादंबरी काढायला सुरुवात केल्यावर. आमच्यापैकी ज्याचे इंग्रजी बरे आहे तो वाचतो आणि बाकीच्यांना संध्याकाळी चहावर आपल्या बोलीत सांगतो. त्यामुळे जपानी उमराव आमच्याकडे वऱ्हाडी दखनी बोलतात. त्याने बिघडत नाही.

बिघडत नाही, कारण ती गावे आम्हाला परकी वाटतच नाहीत. पूर्वी हमरस्त्याने जाणारे सरदार-उमराव ज्या मानाच्या घरी मुक्काम करीत, त्याला 'होन्जिन' म्हणत. काळ बदलला, सरदार गेले, हमरस्ताही दुसरीकडे गेला, पण घराचा ताठा गेला नाही. आपल्याकडे देशमुखांचे वाडे, इनामदारांच्या देवड्या आणि पडक्या भिंतीला टेकून बसलेली खानदाने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे घर समजावून सांगावे लागत नाही. असे हे इचियानागी घराणे. थोरला मुलगा केंझो विद्वान, अबोल, चाळिशीत आलेला. त्याने कात्सुको नावाच्या एका शिक्षिकेशी लग्न ठरवले. तिच्या घरची माणसे मूळची कुळे. काकाने परदेशात जाऊन, परत येऊन फळबागेवर पैसा केला. घरच्यांना हे स्थळ पसंत नव्हते, तरी 1937 च्या नोव्हेंबरात लग्न झाले. त्याच रात्री आतून बंद असलेल्या खोलीत नवरा-नवरी दोघेही तलवारीने कापलेले सापडले. बाहेर बर्फ पडलेले होते आणि बाहेर जाणाऱ्या पावलांचा ठसा कुठे नव्हता.

आता रहस्यकथेचे रहस्य फोडणे हा मोठा गुन्हा आहे हे आम्ही जाणतो. पण ते फोडल्याशिवाय आमचे म्हणणे पुढे जात नाही. ज्यांना ही कादंबरी वाचायची आहे त्यांनी इथे थांबून ती आधी वाचावी, आमची हरकत नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी गावात एक नवखा माणूस आलेला असतो. अंगावर लक्तरे, चेहऱ्यावर जखमेचा व्रण, तोंड झाकलेले, एका हाताला तीनच बोटे. तो खाणावळीपाशी थांबतो, पाणी पितो आणि इचियानागींचा वाडा कुठे म्हणून विचारतो. एवढेच. खून झाल्यावर खोलीत तीन बोटांचे रक्ताळलेले ठसे सापडतात, आणि मग काय विचारता! गाव, पोलीस, वाड्यातली माणसे, सगळे त्या तीन बोटांच्या माणसामागे लागतात. प्रत्यक्षात तो बिचारा खुनाच्या रात्रीआधीच मेलेला असतो. त्याचा कापलेला हात वापरून ठसे उठवलेले असतात. आणि हे करणारा, बायकोला मारून मग स्वतःला मारून घेणारा, घराचा थोरला मुलगाच असतो. कारण ऐकाल तर अंगावर काटा येतो. लग्नाआधी कात्सुकोने प्रामाणिकपणे सांगितले होते की आपल्या आयुष्यात पूर्वी एक पुरुष येऊन गेला आहे. केंझोला ते सहन झाले नाही, आणि सगळ्यांचा विरोध मोडून ठरवलेले लग्न आता मोडले तर नातेवाईक हसतील, हेही सहन झाले नाही. मग त्याने लग्न केले आणि तिला मारले.

गोष्ट अर्ध्यावर आली असताना आम्ही एक खेळ केला. प्रत्येकाने आपला संशयित सांगायचा. कोणी धाकट्या भावाचे नाव घेतले, कोणी चुलतभावाचे, एकाने तर म्हाताऱ्या आईचे. तीन बोटांच्या माणसाचे नाव कोणी घेतले नाही. का, म्हणून विचारले तर सगळे हसले. अहो, तो उघडच दिसतो, म्हणजे तो नसणारच! जासूसी वाचणाऱ्याला एवढे तर कळतेच.

या हसण्यावर आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. कादंबरीत फाटका परगावचा माणूस दिसला की आपण हुशारीने त्याला सोडून देतो आणि वाड्यातल्या माणसांकडे पाहतो. बाजारात तोच माणूस दिसला तर? 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते. भिक्षा मागत फिरणारे, मंगळवेढ्याकडचे गरीब लोक. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाईलवर पसरलेली होती. आठवडी बाजार भरलेला होता. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारले. ते दिवस आमच्या भागातल्या लोकांनाही आठवत असतील; तेच संदेश इथल्या मोबाईलवरही आले होते आणि ते पुढे पाठवणाऱ्यांत सर्व जातीधर्मांचे, शिकलेसवरलेले लोक होते. त्यांच्यात रहस्यकथा वाचणारा एकही नसेल असे आम्हाला वाटत नाही. कथेत कमावलेले शहाणपण वेशीबाहेर चालत नाही, ही खरी अडचण आहे.

तफसीरकारांनी सूरह अन-निसाच्या 105 ते 113 या आयतींच्या संदर्भात एक प्रसंग दिला आहे. मदिन्यात एका घरातून चिलखत चोरीला जाते. ते पिठाच्या पोत्यात ठेवलेले होते आणि पोत्याला छिद्र होते. पीठ सांडत गेले, त्याचा माग निघाला. चोरी केली होती तुअमा बिन उबैरिकने, जो स्वतःला मुसलमान म्हणवत होता. पण त्याने चिलखत एका यहुदी माणसाकडे नेऊन ठेवले आणि माल त्याच्याकडे सापडला. तुअमाच्या कबिल्याची माणसे हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्याकडे आली आणि आपल्या माणसाची बाजू घ्यावी म्हणून आग्रह करू लागली. आपला माणूस, आपला कबिला, आणि समोर एक यहुदी, तोही मुद्देमालासह. अशा वेळी वही आली ती त्या यहुद्याच्या बाजूने. खियानत करणाऱ्यांचे वकील होऊ नये असे बजावले गेले, आणि स्वतः गुन्हा करून तो निरपराध माणसावर ढकलणाऱ्याने बोहतान आणि उघड पाप दोन्ही डोक्यावर घेतले, असे ठरले. सांडलेले पीठ हा सुराग आहे, दुसऱ्याच्या घरी ठेवलेला माल आहे, खोट्या साक्षीला तयार असलेली बिरादरी आहे. योकोमिझोच्या तीन बोटांच्या माणसाची गोष्ट आम्हाला ऐकताना ओळखीची का वाटली, ते या आयती पुन्हा वाचल्यावर कळले. दोन्हीकडे गुन्हेगार घरचा आहे आणि आळ बाहेरच्यावर.

म्हणजे शोध घेण्याला मनाई नाही. उलट सूरह अल-हुजुरातमध्येच, संशयाच्या आयतीच्या थोडे आधी, सहाव्या आयतीत, अविश्वासू माणसाने खबर आणली तर ती नीट तपासून घ्या, नाही तर अजाणता कोणाला इजा कराल, असा हुकूम आहे. तपासून घेणे म्हणजे 'तबय्युन'. एकाच सूरहमध्ये तबय्युनचा हुकूम आणि तजस्सुसची मनाई. या दोहोंत फरक कसा करायचा? इथे हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल सांगितली जाणारी रिवायत आठवते. रात्री गस्त घालताना त्यांना एका घरातून आवाज आला. भिंत चढून ते आत उतरले तर घरमालक शराब घेऊन बसलेला. त्यांनी त्याला दटावले. तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, माझ्याकडून एक गुनाह झाला, तुमच्याकडून तीन. तुम्ही तजस्सुस केलात, घरात दाराने आला नाहीत आणि सलाम न करता, परवानगी न घेता आत आलात. हजरत उमर यांनी ते मान्य केले आणि ते परत गेले. खलिफा होते, हातात कोडा होता, आणि समोरचा तर खरोखरच दोषी होता. तरीही ते परत गेले.

या कसोटीवर किंदाइची कसा उतरतो हे पाहणे आम्हाला उपयोगाचे वाटले. तो भिंत चढत नाही. कोणाचा तरी जीव गेल्यावर, किंवा जाणार असे कळल्यावर, बोलावले तर येतो. होन्जिनमध्ये त्याला कात्सुकोचा काका तार करून बोलावतो. समोरच्या दाराने येतो, सगळ्यांदेखत प्रश्न विचारतो. आणि गावाने एकाला गुन्हेगार ठरवलेले असताना तो म्हणतो, थांबा. त्याच्या कामातला हाच भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. 'गोकुमोन बेटावरील मृत्यू' या पुढच्या कादंबरीत तर तो स्वतःच नवखा ठरतो. युद्धातून परतताना मरणाऱ्या सोबत्याने त्याला सांगितलेले असते, माझ्या तीन बहिणींचा जीव धोक्यात आहे, तू बेटावर जा. तो जातो. बेटावरचा पोलीस त्याचा अवतार पाहून त्यालाच कोठडीत टाकतो. आणि तो कोठडीत असतानाच दुसऱ्या बहिणीचा खून होतो. चुकीच्या माणसाला आत टाकले की खरा मोकळा राहतो, हे सांगायला लेखकाला इथे एक वाक्यही खर्च करावे लागत नाही.

आतापर्यंत आम्ही जणू संशय नेहमी आपल्यावरच घेतला जातो अशा सुरात बोलत आलो. मुस्लिम वाचकाला हा सूर लवकर पटतो, आणि त्यात असत्य नाही. पण कात्सुकोकडे पाहिले की हा सूर टिकत नाही. केंझोने तिच्यावर संशयही घेतला नव्हता, तिनेच खरे सांगितले होते. तरी ती मेली. आपल्या मोहल्ल्यात मुलीचे स्थळ पाहताना जी चौकशी होते तिला तबय्युन म्हणावे की तजस्सुस? ती कोणाच्या मोबाईलवर बोलते, कॉलेजला कोणत्या बसने जाते, मंगनी मोडली होती ती का मोडली, मामाच्या गावी दोन महिने का राहिली. मुलाबद्दल 'पगार किती' एवढ्यावर चौकशी संपते. तलाकशुदा बाई भाड्याने खोली घ्यायला आली की गल्लीतली प्रत्येक खिडकी जासूस होते. सूरह अन-नूरमध्ये बोहतानाचा, म्हणजे 'इफ्क'चा प्रसंग आहे. मदिन्यात उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर आळ घेतला गेला तेव्हा ऐकणाऱ्या मोमिन स्त्री-पुरुषांनी ऐकताक्षणी आपल्या माणसांविषयी चांगला गुमान का केला नाही, असा सवाल तिथे विचारला आहे. बाईवर आळ घ्यायचा तर चार साक्षीदार आणा, नाही तर फटके खा, हा कायदाही त्याच सूरहचा. हा कायदा मुलीची चौकशी करणाऱ्यांना कोणी वाचून दाखवत नाही. आमच्या मते जुम्याच्या खुतब्यात तो वर्षातून चार वेळा तरी यायला हवा.

होन्जिनमध्ये एक सबुरो आहे, केंझोचा धाकटा भाऊ. त्याची खोली गुप्तहेरकथांनी भरलेली आहे. किंदाइची त्याच्याशी बंद खोलीतल्या खुनांच्या कादंबऱ्यांवर रंगून गप्पा मारतो. आणि शेवटी कळते की भावाचा बेत समजल्यावर त्याने त्याला अडवले नाही. उलट बेत अधिक चतुर कसा होईल यात मदत केली. त्याला कात्सुको दिसलीच नाही, फक्त कोडे दिसले. योकोमिझोने गुप्तहेरकथेच्या पोटात गुप्तहेरकथेचा वाचक ठेवला आणि त्याला गुन्ह्यात सामील केले, हे धाडस आम्हाला फार आवडले. आमच्यात यावर वाद झाला. एकाचे म्हणणे, पुस्तकांनी सबुरोला बिघडवले. दुसऱ्याचे म्हणणे, किंदाइचीनेही तीच पुस्तके वाचली होती. दुसऱ्याचे बरोबर आहे असे आम्हाला वाटते, पण पहिल्याची भीती उडवून लावण्याजोगी नाही. आज कुठे खून झाला की टीव्हीवर रात्रभर जे चालते, त्यात मेलेल्या बाईचे नाव, तिचे फोटो आणि तिचे संदेश लोक ज्या चवीने चघळतात, ती चव सबुरोची आहे.

'आठ थडग्यांचे गाव' ही 1949 ते 1951 मध्ये आलेली कादंबरी एका खऱ्या घटनेची सावली घेऊन लिहिली आहे. 21 मे 1938 च्या रात्री ओकायामा प्रांतात त्सुयामाजवळच्या एका वस्तीत मुत्सुओ तोई नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने आपल्या आजीसह तीस जणांना मारले आणि स्वतःला संपवले. त्याला क्षय झालेला होता आणि लोक त्याला टाळू लागले होते. कादंबरीत असेच हत्याकांड करणाऱ्याचा मुलगा समजला जाणारा तात्सुया पंचवीस-सव्वीस वर्षांनी गावी येतो. त्याने काही केलेले नाही. पण तो आला आणि लोक मरू लागले, एवढे गावाला पुरते. बापाने केले म्हणून मुलगाही करील, रक्तच तसे. शेवटी जमाव मशाली घेऊन येतो आणि तो डोंगराखालच्या गुहांत पळतो. आमच्यापैकी जो हे सांगत होता तो इथे थोडा वेळ थांबला. कोणी चहा ओतला. 'रक्तच तसे' हे कोणाकोणाबद्दल म्हटले जाते, याची यादी करायची गरज नव्हती. पारधी समाजाबद्दल म्हटले जाते, आपल्याबद्दल म्हटले जाते, आणि आपल्यातही कोणाकोणाबद्दल म्हटले जाते.

2025 च्या जुलैने आमची खरी परीक्षा पाहिली. 21 जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 11 जुलै 2006 च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यातील सर्व बारा जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतल्या पाच जणांना 2015 मध्ये फाशी सुनावलेली होती. एक जण तर 2021 मध्ये तुरुंगातच वारला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. याच खटल्यात तेरावे आरोपी होते अब्दुल वाहिद शेख, शाळेत शिकवणारे, आमच्याच पेशाचे. नऊ वर्षे तुरुंगात राहून ते 2015 मध्ये निर्दोष सुटले आणि त्यांनी उर्दूत 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले. 21 तारखेला मोहल्ल्यात लोकांनी शुक्र मानला. दहा दिवसांनी, 31 जुलैला, मुंबईच्या विशेष न्यायालयाने 29 सप्टेंबर 2008 च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींना निर्दोष सोडले. हे मालेगाव आमच्या शेजारचे, वाशिमच्या वाटेवरचे नव्हे, नाशिक जिल्ह्यातले. त्या स्फोटात सहा जण मेले होते. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय. आणि मोहल्ल्यात त्या दिवशी संताप होता.

संताप का होता हे आम्हाला समजते. पण आम्ही आपसात विचारले, दहा दिवसांपूर्वी जे तत्त्व आपल्याला गोड लागले तेच आज कडू का? एक जण म्हणाला, पहिल्या खटल्यात निरपराध अडकवले होते, दुसऱ्यात दोषी सुटले, दोन्ही एक कसे? त्याला विचारले, दोषी हे तुला कसे कळले? तो म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे. इतकी वर्षे त्या बारा जणांबद्दलही लोक हेच म्हणत होते. आमचे मत असे बनले की माप एकच हवे. आपल्या माणसासाठी पुरावा मागायचा आणि दुसऱ्यासाठी 'सगळ्यांना माहीत आहे' पुरेसे मानायचे, हा तुअमाच्या कबिल्याचा रिवाज आहे. हे लिहिताना काही वाचक नाराज होतील याची कल्पना आहे. मात्र माप एक ठेवले म्हणजे तक्रार संपत नाही. तपास करणाऱ्यांनी तपास नीट का केला नाही, साक्षीदार का उलटले, ही तक्रार दोन्ही खटल्यांत तितकीच खरी आहे. लोकलमध्ये एकशे ऐंशीहून अधिक माणसे मेली, मालेगावात सहा. त्यांना कोणी मारले? चुकीच्या माणसाला वर्षानुवर्षे आत ठेवण्यात, किंवा पुरावा जमवण्यात हयगय करण्यात, सर्वांत मोठा अन्याय या मेलेल्यांवर झाला आहे, कारण त्यांच्यासाठी आता कोणी शोधत नाही.

किंदाइचीवर जपानी वाचकांचा एक जुना आक्षेप आहे. हा जासूस कोणालाच वाचवत नाही. सगळे खून होऊन गेले की मग उलगडा करतो. आक्षेप खरा आहे. गोकुमोन बेटावर तो ज्यांना वाचवायला गेला त्या तिघीही मेल्या. फरीदीच्या वाचकाला हे फार खटकते आणि आमच्यातले दोघे तर म्हणतात, असल्या जासूसाचा उपयोग काय? आम्हाला वाटते, त्याच्या उशिरा येण्यातच लेखकाचा प्रामाणिकपणा आहे. युद्ध नुकते हरलेल्या देशात, मेलेल्यांचा हिशेब लागत नसताना, योकोमिझो लिहीत होते. मेलेला परत येत नाही. पण तीन बोटांच्या माणसाच्या नावावर लिहिलेला खून त्याच्या नावावरून पुसता येतो आणि कात्सुकोच्या काकाला खरे काय ते कळते. हे थोडके आहे. वाहिद शेख यांची नऊ वर्षेही कोणी परत केली नाहीत, निकालाचा कागद तेवढा मिळाला.

सध्या आमच्यातल्या एकाने होन्जिनचा उर्दू तर्जुमा सुरू केला आहे, आपल्या मुलांना वाचता यावा म्हणून. पहिल्याच पानावर गाडी अडली. होन्जिनला काय म्हणायचे? देवडी म्हटले तर निजामशाही वास येतो, सराय म्हटले तर मान जातो. शेवटी तसेच ठेवले. पण त्याहून मोठी अडचण किंदाइचीची होती. 'जासूस' लिहायला आता हात धजत नाही, आणि मराठीतला 'गुप्तहेर' तरी कुठे वेगळा, तोही लपून पाहणाराच. बंगालीतला ब्योमकेश बक्षी स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, ते छान आहे, पण उर्दूत बसत नाही. मग जुना 'सुरागरसां' सापडला, म्हणजे सुरागापर्यंत पोचणारा. आम्हाला तो पसंत पडला. तर्जुमा करणाऱ्याचे मात्र म्हणणे आहे की मुखपृष्ठावर 'जासूसी नॉव्हेल' असेच छापावे लागेल, नाही तर सातवीच्या पोरांपैकी एकही ते हातात धरणार नाही.